एंटर एकदाच दाबलं होतं

आमच्या धंद्यात माणूस म्हैसूरला बसतो आणि त्याचं बोट कोइम्बतूरला पडतं. "तुम्ही नक्की काय करता हो?" असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. बहुतेक जण "अच्छा, कॉम्प्युटर!" म्हणून विषय बदलतात. इथे जागा आहे, म्हणून जरा नीट सांगते.

कारखाने, इस्पितळं, शाळा यांच्याकडे एका बंद थंड खोलीत सर्व्हर असतो. सगळ्यांचं काम ज्याच्यावर चालतं असा मोठा कॉम्प्युटर. तो धड असेपर्यंत त्याच्याशी दुरून बोलायच्या शंभर सोयी आहेत. पण तो आजारी पडला, सुरूच होईना, की पूर्वी कुणाला तरी बसमध्ये बसून तिथवर जावं लागे. आता सर्व्हरला वहीएवढी एक पेटी जोडून ठेवतात. पेटी सर्व्हरला सांगते, "मीच तुझा कीबोर्ड, मीच तुझा माउस." आणि त्याचा पडदा इंटरनेटवरून आमच्याकडे पाठवते. सर्व्हर डोळे उघडत असतो तेव्हापासून आम्ही त्याच्यासमोर बसल्यासारखे असतो. आम्ही म्हणजे म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची सहा माणसं. त्या खोलीची प्रमुख मी.

पेटी जोडली म्हणजे काम झालं असं नाही. तिचं सेटिंग करावं लागतं आणि खरी कटकट तिथेच. माउसचं सेटिंग चुकलं तर पडद्यावर दोन बाण दिसतात, एक आपला, एक तिकडचा, आणि तिकडचा बाण आपल्या मागून दारुड्यासारखा येतो. कीबोर्डची भाषा जुळवली नाही तर आणखी मजा. पुदुच्चेरीच्या एका शाळेत फ्रेंच कीबोर्ड लावलेला होता. मी ए दाबला की तिकडे क्यू उमटे. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे कळणार कसं? तीनदा चुकला आणि सर्व्हरने दार लावून घेतलं. मुख्याध्यापिका फोनवर शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला टायपिंग येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी बसवा." मंड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात रखवालदाराने रिकाम्या खोलीत पडद्यावर बाण फिरताना पाहिला आणि सर्व्हरची वायरच उपटली. नंतर मला म्हणाला, "अम्मा, कोण आहे म्हणून तीनदा हाक मारली. कुणी बोलेना. मग मी काय करणार?"

अशा प्रत्येक फजितीनंतर मी यादीत एक ओळ वाढवते. माझी पेटीच्या सेटिंगची यादी तेव्हा एकतीस ओळींची होती. घरचे हसतात. सासूबाई म्हणायच्या, "ही देवळात गेली तरी यादी घेऊन जाईल."

खोलीचा एक नियमही माझाच आहे. धोक्याच्या पडद्यावर आधी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं, मग बटण दाबायचं, आणि दाबल्याबरोबर हात सरळ वर उचलायचा. आमचं घराणं म्हैसूरच्या अग्रहार पेठेतल्या जुन्या मराठी रंगाऱ्यांचं. आजोबा कापडावर लाकडी ठशांनी छपाई करत. ठसा मारला की हात सरळ वर, जरा रेंगाळला की कड फाकते, असं ते शिकवायचे. मी ते इथे आणलं. नवीन आलेला माणूस पहिले दोन दिवस लाजतो, मग सवय होते.

आता मंजुनाथांची गोष्ट.

मंजुनाथ आमच्यात सगळ्यांत मोठे, त्रेपन्न वर्षांचे. आमच्याकडे येण्याआधी ते अग्रहारातच टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत. अर्ध्या म्हैसूरच्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवलेली. ते फक्त कन्नडात बोलतात, मी इथे मराठीत लिहिते. त्यांचं टायपिंग नुसतं ऐकत बसावं, शिवणयंत्रासारखं एका लयीत चालतं.

त्या सोमवारी सकाळी कोइम्बतूरजवळच्या एका सूतगिरणीच्या सर्व्हरमध्ये बिघडलेली डिस्क बदलली होती. सुरू होताना सर्व्हर काही पडदे दाखवतो. पहिल्या पडद्यावर एंटर दाबून पुढे जायचं. दुसऱ्यावर तो विचारतो, "जुनी मांडणी पुसून टाकायची?" त्या जुन्या यंत्रात 'हो' आधीच निवडलेलं असे. असं का ठेवलं होतं देव जाणे. तिथे थांबून, खालचा बाण दाबून, 'नाही'वर जायचं आणि मग एंटर. मंजुनाथांनी हे काम माझ्या डोळ्यांदेखत अनेकदा केलेलं होतं.

त्या दिवशी दुसरा पडदा आला आणि गेला. तिसराही गेला. गिरणीच्या डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं. शनिवारी घेतलेली प्रत होती, ती चढवली. पण शनिवारनंतरची कामगारांची हजेरी आणि कापसाच्या गाठींच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

गिरणीने एकच प्रश्न विचारला, "माणूस कोण?"

मंजुनाथ दोन दिवस म्हणत राहिले, "मी एकदाच दाबलं." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला वाटतं एकदाच दाबलं." शुक्रवारी सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना बोलावून सांगितलं की कबुली दिलीत तर निरोप तरी सन्मानाने देऊ. त्यांनी कन्नडात चार ओळी लिहून सही केली. "चूक माझी. बटण दोनदा दाबलं गेलं." पुढच्या बुधवारी दुपारी चार वाजता गिरणीचे अधिकारी व्हिडिओवर येणार, त्यांना ते पत्र वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी मंजुनाथांना कामावरून मोकळं करायचं, असं ठरलं. 'निष्काळजी' असा शेरा घेऊन निघालेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि घटनेचा अहवाल मी लिहिला होता. त्यात "चालकाकडून बटण दोनदा दाबले गेले" हे वाक्य माझं. दुसरं कारण मला सुचत नव्हतं, आणि सुचत नाही तेव्हा माणसाच्या माथी मारणं सोपं असतं.

बुधवारी सकाळी अकराला सविता माझ्या टेबलाशी आली. ही लातूरची, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन म्हैसूरला आलेली. मंजुनाथांच्या शेजारी बसते.

"ताई, हात वर असताना बटण दाबता येतं का?"

"म्हणजे?"

"मंजुनाथ सरांचा हात वर होता. 'आय्तु' म्हणाले, हात उचलला, आणि त्यानंतर पडदे पळाले. मी बघत होते."

'आय्तु' म्हणजे झालं. मंजुनाथ प्रत्येक वेळी म्हणतात.

"अग, मग नऊ दिवस तोंड शिवलं होतं काय?"

"तुम्ही फॉर्म दिलात भरायला. कोणतं बटण, किती वाजता, कोणत्या पडद्यावर. हाताचं कुठे लिहू? रकानाच नव्हता."

फॉर्म माझाच होता.

त्या दिवशीच्या पडद्याची चित्रफीत आमच्याकडे असते. ती मी तोवर तीनदा पाहिली होती, पण काय पुसलं गेलं तेवढंच बघत होते. आता घड्याळ लावून पाहिली. पहिल्या एंटरनंतर जरासा वेळ, मग पडदे पटापट, आणि प्रत्येक पडद्यामधलं अंतर अगदी सारखं. घाबरलेलं बोट असं सारख्या अंतराने पडत नाही. बटण धरून ठेवलं तर असं होतं. आणि हात तर वर होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण बटण दाबतो तेव्हा पेटीला दोन निरोप जातात. एक 'दाबलं', दुसरा 'सोडलं'. पहिला पोचला आणि दुसरा वाटेत अडकला, तर सर्व्हरला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. मग तो तेच बटण पुन्हा पुन्हा मोजत सुटतो. हे मला ठाऊक होतं. पण पेट्यांमध्ये त्यावर उपाय असतो. ठरलेल्या वेळात 'सोडलं'चा निरोप आला नाही तर पेटी स्वतःच बटण सोडून देते. म्हणून हे कारण मी विचारातच घेतलं नव्हतं.

साडेअकराला आमच्या चाचणीच्या पेटीवर मी ए दाबायला सुरुवात केली. एकदा दाबायचं, हात वर, पडद्यावर किती ए आले ते बघायचं. चाळीस वेळा दाबलं, चाळीस ए आले. सविता वहीत रेघा मारत होती.

"आपली लाइन चांगली आहे ताई. त्या दिवशी गिरणीची केबल तुटली होती ना? रस्ता खोदत होते."

बरोबर. त्या दिवशी गिरणीचं इंटरनेट मोबाइलवर चाललं होतं, आणि ते किती अडखळत होतं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मग मी लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या नेटवर घेतला. पुन्हा चाळीस. काही नाही. सव्वा वाजला होता.

"स्वल्प थांब ग," मी म्हटलं. "नेट अजून वाईट पाहिजे."

"ताई, आधी 'स्वल्प'चं मराठी करा, मग थांबते."

"थोडं! थोडं थांब. आणि चल माझ्याबरोबर."

आमच्या तळघरात जनरेटरची खोली आहे. लोखंडी दार, सिग्नलची एखादीच काडी. तिथे डिझेलच्या वासात डब्यावर लॅपटॉप ठेवून मी साठ वेळा ए दाबला. अक्षरं उशिरा आली, अडखळत आली, पण साठाला साठच आली. दोन वाजून गेले. माझा हात दुखायला लागला होता. सविता डबा उघडून दोन घास खाऊन घ्या म्हणत होती, मला ते सुचत नव्हतं. दोन तासांनी एक माणूस घरी बसणार होता आणि माझ्या हातात त्याच्या विरुद्धच्या पुराव्याखेरीज काही नव्हतं.

वर आलो. मला एकच गोष्ट चांगली येते, ती केली. गिरणीच्या पेटीचं सेटिंग उघडलं, चाचणीच्या पेटीचं उघडलं, आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून ताडायला बसलो. मी डावीकडचं वाचायचं, सविताने उजवीकडचं.

माउसचा प्रकार. सारखा. कीबोर्डची भाषा. सारखी. पडद्याचा आकार. सारखा. असं करत तेविसाव्या ओळीवर आलो. 'सोडलं'चा निरोप आला नाही तर बटण आपोआप सोडणे.

"टिक आहे," सविता म्हणाली.

गिरणीच्या पेटीवर टिक नव्हती.

चाचणीच्या पेटीवरची टिक काढून आम्ही दोघी जिने उतरत तळघरात पळालो. पंधराव्या वेळी मी ए दाबला, हात वर केला. एक क्षण काही झालं नाही. मग पडद्यावर ए, ए, ए, ए, रांगच लागली. ओळ भरली, दुसरी भरली. माझा हात वरच होता. सविता ओरडली, "बघा! बघा! मी सांगत होते की नाही!" आणि तिने माझ्या वर उचललेल्या हातासकट त्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला.

तीन वाजले होते.

आता एकच बाकी होतं. टिक काढली कुणी? पेटी त्याचीही नोंद ठेवते. मी ती उघडली तेव्हा माझ्या मनात दोन-तीन नावं होती. नोंदीत नाव माझं होतं. पाच महिन्यांपूर्वीची तारीख, सकाळची वेळ.

बघताक्षणी आठवलं. त्या दिवशी गिरणीच्या सर्व्हरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं होतं. त्यासाठी सुरू होताना एक बटण सलग धरून ठेवावं लागतं. पण पेटी ते आपोआप सोडून देत होती. मी दहा मिनिटांसाठी टिक काढली, काम झालं, दुसरा फोन वाजला. पुन्हा लावली नाही. माझ्या एकतीस ओळींच्या यादीत नवीन पेटीला काय काय करायचं ते सगळं होतं. मी स्वतः जे मोडलं ते परत जोडायची ओळ नव्हती.

सविताने नोंद वाचली. दाराकडे बघून हळू म्हणाली, "ताई, लाइन खराब होती एवढं सांगितलं तरी मंजुनाथ सर सुटतील. ते खोटं पण नाही."

खोटं नव्हतं. मी लगेच नाही म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. पण तसं म्हटलं नाही. कागद घेतला आणि त्यावर "लाइन खराब असल्यामुळे" असं सुरू होणारं एक वाक्य लिहिलं. चांगलं जमलं होतं. ते वाचत मी दहा मिनिटं बसले. टिक विसरले त्याची मला लाज वाटते, त्या दहा मिनिटांची जास्त वाटते. उठले तेही फार थोर विचाराने नाही. गिरणीचे अधिकारी हुशार होते. लाइन आधीही खराब असायची, मग आधी का झालं नाही, हे ते विचारणारच होते. आणि त्यावर मला जे उत्तर द्यावं लागलं असतं, ते खोटंच असतं.

चारला पाच मिनिटं असताना मी सरांना सांगितलं की पत्र वाचायच्या आधी मला काही दाखवायचंय. ते वैतागले. "आता काय नवीन काढता? पत्र आहे ना हातात?"

"पत्र चुकीचं आहे सर. अहवालही. अहवाल मी लिहिला होता."

अधिकारी पडद्यावर आले. मी व्हिडिओ दाखवला, दोन पेट्यांची तेविसावी ओळ दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि इंग्रजीत विचारलं, "ही टिक काढली कुणी?"

"मी."

"केव्हा?"

मी तारीख सांगितली. सर माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते.

"त्या माणसाने पत्र लिहून दिलंय असं मला कळवलं होतं," अधिकारी म्हणाले.

"तुम्ही नऊ दिवस मला विचारत राहिला असता, तर मीही लिहून दिलं असतं," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण बोलले.

पुढचं थोडक्यात सांगते. मंजुनाथांचं काम राहिलं. गिरणीने वर्षअखेर आमच्याशी करार नव्याने केला नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सेटिंगवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. सरांनी ते सहा महिन्यांसाठी ठेवलं होतं, मी ते पुढेही चालू ठेवलं. सविता सही करताना मुद्दाम चष्मा पुसून, ओळ न ओळ वाचते.

मंजुनाथ त्या दुपारी खालच्या चहाच्या गाड्यापाशी बाकावर बसले होते. स्वतःचा ड्रॉवर रिकामा करून पिशवी बरोबर घेतलेली. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

ते न उघडता म्हणाले, "आधी हे सांगा मॅडम. दोनदा दाबलं का मी?"

"एकदाच."

"नक्की?"

"एकदाच दाबलंत. बाकीच्या वेळा पेटीने दाबलं. माझ्या चुकीमुळे." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुम्हालाही तसंच वाटलं होतं का? मी दोनदा दाबलं म्हणून?"

"हो. आज सकाळपर्यंत."

"मलाही," ते म्हणाले. मग पत्राची घडी खिशात घालत, अर्धवट हसून म्हणाले, "ऑफिसात तुम्ही डेमो दाखवलात. घरात मी शारदाला सांगून बसलोय की चूक माझी. तिथे डेमो कोण दाखवणार?"

मी वर जाऊन लॅपटॉप आणला आणि रिक्षा थांबवली.

अग्रहारातलं त्यांचं घर देवळामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. शारदम्मांनी दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी जुना टाइपरायटर होता आणि शेजारी कागदांचा हा एवढा गठ्ठा. प्रत्येक कागदावर एकच अक्षर, रांगेने, जागा सोडून.

"रोज सकाळी तासभर हेच," शारदम्मा म्हणाल्या. "बोट दुहेरी पडतं का बघतात. डॉक्टरकडे चल म्हणाले परवा. हात थरथरतो का तपासायला."

मी वरचे काही कागद चाळले. एकही अक्षर दुहेरी नव्हतं.

लॅपटॉप उघडून व्हिडिओ दाखवला. वर उचललेला माझा हात, पडद्यावर धावणारी रांग. त्यांना पेटी काय, टिक काय, काही कळलं नसावं. तरी कळायचं ते कळलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

"यांनी ऑफिसात कागदावर लिहून दिलं होतं ना? सही करून?"

"हो."

"मग तुम्हीही द्या." आतून त्यांनी विजेच्या बिलाचा कोरा भाग आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. मंजुनाथ "साकु" म्हणाले, म्हणजे पुरे, पण फार जोरात नाही म्हणाले.

मी कन्नडात लिहिलं. "मंजुनाथ यांनी बटण एकदाच दाबलं होतं. चूक माझी." खाली सही केली.

शारदम्मांनी कागद दोनदा वाचला, शेवटपर्यंत बोट फिरवून. मग माझ्यापुढे परत सरकवला.

"तारीख घाला," म्हणाल्या.